बी विंग ग्रुप: सामोआला जायचंय, कुणी जाऊन आलंय का?

अनघा (६०३): नमस्कार मंडळी 🙏 जूनमध्ये आम्ही दोघं आणि सासूबाई पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवर जायचं म्हणतोय. मिलिंददादा, तुम्ही जाऊन आलात ना? सासूबाई पक्क्या शाकाहारी, आणि भाषेचंही टेन्शन आलंय.

मिलिंद (२०४): जून उत्तम, पावसाळा तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल. आधी मार्ग बघ. ऑकलंडवरून गेलीस तर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसाचं लफडं. आम्ही सिंगापूर, फिजीतलं नांदी, मग सामोआची राजधानी आपिया असं गेलो. फिजीला आधी व्हिसा काढावा लागत नाही. सामोआचा परवाना उतरल्यावर देतात, परतीचं तिकीट हाताशी ठेव.

प्रकाशकाका (१०१): नांदी? नकाशात तर 'नाडी' दिसतंय.

मिलिंद: काका, फिजीत डीचा उच्चार 'न्द'. सामोअन भाषेत 'जी' हे अक्षर म्हणजे आपल्या वाङ्मयातला ङ. शेजारच्या अमेरिकन सामोआतलं गाव 'पागो पागो' नाही, 'पाङो पाङो'. बाकी सगळं बाराखडीसारखं, प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं. अनघा, सासूबाईंना देवनागरीत लिहून दे, तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलतील 😄 शब्दात मधेच वर स्वल्पविराम दिसला की घशात क्षणभर अडायचं, जसं तिथल्या मोठ्या बेटाचं नाव: सावाई-इ.
तालोफा म्हणजे नमस्कार. फाआफेताई, आभार. आणि 'तुलोउ', म्हणजे 'माफ करा', विसरू नकोस. पहिल्याच संध्याकाळी मी बसलेल्या म्हाताऱ्या माणसांसमोरून ताठ चालत गेलो. कुणी काही बोललं नाही, पण घरातला सहा-सात वर्षांचा मुलगा माझ्या मागोमाग आला, कमरेत वाकला, 'तुलोउ, तुलोउ' म्हणत पुढे गेला. मला शिकवत होता! पायही समोर पसरायचे नाहीत. मांडी घालून बसायचं, ते आपल्याला सांगायला नको.

वैशालीताई (४०२): किती गोड! खायचं काय पण?

मिलिंद: ताई, पालुसामी. अळूची कोवळी पानं, नारळाचं घट्ट दूध, कांदा, सगळं गुंडाळून तापल्या दगडांवर भाजतात. फदफद्याच्या घरातल्या माणसाला दुसरं काय हवं? फक्त विचारून घ्या, कधीकधी आत डब्यातलं बीफ असतं. नीरफणस तर अंगणाअंगणात, त्याला 'उलू' म्हणतात.
रविवारी सगळं चर्चमध्ये, दुकानं बहुतेक बंद. आम्ही एक रविवार बिस्किटांवर काढला, तुम्ही शनिवारीच सामान भरा. गावात संध्याकाळी शंख वाजला की प्रार्थनेची वेळ, दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर फिरायचं नाही. गावातून जाताना गुडघे झाकलेले हवेत.

सचिन (३०१): गाडी भाड्याने घ्यावी का? पैसे?

मिलिंद: घ्या, तात्पुरता परवाना मिळतो. २००९पासून तेही आपल्यासारखेच डावीकडून चालवतात. चलन ताला. रुपयांवर विसंबू नका, न्यूझीलंडचे नाहीतर अमेरिकन डॉलर न्या. किनाऱ्यावर जायचे पैसे गावकरी रोखच घेतात.

प्रकाशकाका: या लोकांनी ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरमधून गाळला होता. तारीखरेषेच्या पलीकडून अलीकडे आले. त्या दिवशी वाढदिवस असणाऱ्यांचं काय झालं असेल?

वैशालीताई: केक वाचला 😂

अनघा: सासूबाई विचारतायत, नीरफणसाचे काप करायला रवा तिकडे मिळेल का?

मिलिंद: इथूनच न्या. बंद पाकीट हवं, आणि विमानतळावरच्या अर्जात खाण्याचं सगळं लिहायचं, फिजीतही आणि सामोआतही. लपवलं तर दंड. मसाल्याच्या डब्याचंही तेच सांग त्यांना.

अनघा: डबा आधीच भरून झालाय 🤦‍♀️