ट्यूसफ्योर्ड नगरपालिका २०२० मध्ये दोघांत का वाटली गेली?

खानापूरचा मास्तर:

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत भूगोल शिकवतो. फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी, अशा किनाऱ्याचा भाग शिकवताना मी नॉर्वेचा एक जुना आणि एक नवा नकाशा शेजारी शेजारी लावतो. नोर्डलांड जिल्ह्यात, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर, ट्यूसफ्योर्ड नावाची किनारी नगरपालिका जुन्या नकाशावर ठळक दिसते आणि नव्या नकाशावर मुळीच दिसत नाही. १ जानेवारी २०२० पासून तिचा पूर्वेकडचा भाग नार्विककडे आणि पश्चिमेकडचा भाग हामारोयकडे गेला, एवढे मला कळले आहे. लहान नगरपालिका शेजारच्या मोठ्या नगरपालिकेत विलीन व्हावी हे समजू शकते. पण एक अखंड नगरपालिका मधोमध कापून दोन शेजाऱ्यांना वाटून द्यावी, यामागे काय विचार असेल? शिवाय तिथे लुले सामी ही उत्तर युरोपातील मूळनिवासी सामी लोकांची एक अल्पसंख्य भाषा बोलणारे लोक राहतात असे वाचल्यामुळे कुतूहल वाढले आहे. ही वाटणी भाषा पाहून झाली, की भाषेकडे पाठ फिरवून झाली? सीमाभागात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टिळकवाडीकर:

मास्तर, उत्तराचा अर्धा भाग तुमच्या भिंतीवरच्या नकाशातच आहे. मात्र आधी एक खुलासा करतो. तिकडची नगरपालिका, जिला ते ‘कोम्यूने’ म्हणतात, ती आपल्याकडच्यासारखी केवळ शहराची संस्था नसते. डोंगर, शेती, जंगल, बेटे असा सगळा मुलूख तिच्या हद्दीत येतो आणि प्राथमिक शाळेपासून वृद्धांच्या देखभालीपर्यंतची बहुतेक कामे तिच्याकडेच असतात. १८३७ च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. ट्यूसफ्योर्ड १८६९ मध्ये लोदिंगेन या मोठ्या नगरपालिकेतून वेगळी निघाली. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,४६० चौरस किलोमीटर होते, आणि शेवटच्या वर्षांत एवढ्या मोठ्या मुलखात दोन हजारांहूनही कमी लोक राहत होते.

आता हद्दीचा आकार पाहा. मध्ये ट्यूसफ्योर्ड हा खोल फ्योर्ड, त्याला हेलेमो, मान, ग्रुन, स्टे अशा नावांचे फाटे, आणि या पाण्याच्या चारही अंगांना एकच नगरपालिका. या फ्योर्डची खोली ८९७ मीटरपर्यंत जाते. हिमनद्यांनी दरी खरवडून काढली आणि हिमयुग ओसरल्यावर समुद्र आत शिरला, हे तुम्ही वर्गात सांगतच असाल. हेलेमो फाट्याच्या टोकाशी हेलेमोबोत्न नावाची जागा आहे. तिथून स्वीडनची सरहद्द अवघी ६.३ किलोमीटर आहे. मुख्य भूमीवर नॉर्वे सर्वांत अरुंद आहे तो इथेच. मुलांना हा आकडा जरूर सांगा. उत्तर-दक्षिण एवढा लांबलचक देश एका ठिकाणी इतका चिंचोळा आहे, हे त्यांना सहसा खरे वाटत नाही.

१८६९ मध्ये रस्ते नव्हते, होड्या होत्या. चर्च, दुकान, बाजार, लोफोतेन बेटांवरची हिवाळी मासेमारी, सगळीकडे जाणे-येणे पाण्यावरूनच होत असे. त्यामुळे समोरासमोरचे दोन काठ एकमेकांना जवळचे आणि डोंगरापलीकडचे गाव लांबचे, असा हिशेब होता. फ्योर्डभोवती एक नगरपालिका आखणे त्या काळी पूर्णपणे शहाणपणाचे होते. विसाव्या शतकात मोटाररस्ते झाले आणि हा हिशेब उलटा झाला. नगरपालिकेचे केंद्र असलेले शोप्सविक पूर्व काठावर आहे. तिथून बोगद्यांमधून जाणारा रस्ता झाल्यावर ते नार्विकच्या बाजूला जोडले गेले. समोरच्या काठावरच्या द्रागला जायचे तर आजही फेरी पकडावी लागते. उत्तर-दक्षिण जाणारा ई-६ हा राष्ट्रीय महामार्गसुद्धा याच फ्योर्डाशी अडतो आणि बोग्नेस ते स्कारबर्गेट असा फेरीवर चढून पलीकडे जातो. अख्ख्या ई-६ वर फेरी लागते ती एवढ्या एकाच ठिकाणी. ज्या पाण्याने दोन काठ एकत्र धरले होते, तेच पाणी मोटारीच्या काळात आडवे आले. पूर्व भाग नार्विकला आणि पश्चिम भाग हामारोयला, ही विभागणी या दृष्टीने पाहिल्यास रस्त्यांच्या मागोमाग गेलेली दिसते.

निपाणीचा दर्यावर्दी:

टिळकवाडीकरांनी मुद्दा नेमका धरला आहे. मी मालवाहू जहाजांवर इंजिन खात्यात नोकरी केली आहे आणि शोप्सविकच्या धक्क्याला आमचे जहाज लागलेले आहे, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो. शोप्सविक हे सिमेंटचे गाव आहे. चुनखडी तिथलीच, कारखाना १९२० च्या सुमारास सुरू झालेला, आणि जगात सर्वांत उत्तरेकडचा सिमेंट कारखाना म्हणून त्याची ख्याती आहे. कोठ्या अगदी पाण्याला लागून उभ्या आहेत. जहाज बाजूला लावायचे, वरून जाड नळी हॅचमध्ये सोडायची आणि सिमेंट सुटेच खाली ओतायचे. पोती, हमाल, ट्रक असा काहीच पसारा नसतो. भर दुपारी दिवे लावून माल भरताना डिसेंबर महिना म्हणजे काय ते कळते, कारण त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही.

समोरच्या द्रागमध्ये क्वार्ट्झ शुद्ध करण्याचा कारखाना आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायनातून निघालेले क्वार्ट्झ समुद्रमार्गे तिथे येते, अतिशुद्ध केले जाते आणि पुढे चिप व सौरपट्ट्यांसाठी लागणारे सिलिकॉन ज्या मुशींत वितळवतात, त्या मुशी बनवायला जाते. दोन हजार वस्तीच्या नगरपालिकेत असे दोन उद्योग समोरासमोरच्या काठांवर असणे ही साधी गोष्ट नव्हे. ‘मागास, ओसाड भाग होता, म्हणून मोडून टाकला’ असा समज कोणी करून घेऊ नये, म्हणून हे लिहिले.

आणि स्टेटिंड विसरू नका. स्टे फाट्याच्या पाण्यातून सरळ १,३९२ मीटर वर गेलेला हा गुळगुळीत सुळका २००२ मध्ये रेडिओ श्रोत्यांच्या कौलाने नॉर्वेचा राष्ट्रीय पर्वत ठरला. १९१० मध्ये तो पहिल्यांदा सर करणाऱ्या तिघांपैकी कार्ल विल्हेल्म रुबेनसन हे १९०७ मध्ये आपल्या सिक्कीममधील काब्रू शिखराच्या माथ्याजवळ पोहोचून परतले होते. हिमालयात तेवढी उंची गाठलेल्या माणसाला घरचा हा सुळका त्यानंतर तीन वर्षांनी साधला, याची मला नेहमी गंमत वाटते.

खानापूरचा मास्तर:

दोघांचेही आभार. रस्त्याचे कारण पटले, पण ते पुरेसे वाटत नाही. रस्ता सरकारला दिसतो. माणसे कशी वाटली गेली, ते कोणी सांगेल का? सामी लोक नेमके कोणत्या काठावर होते?

मलप्रभाकाठची:

मास्तर, भाषिक अल्पसंख्याकांविषयीचे कायदे हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते.

ट्यूसफ्योर्डमधील लुले सामी वस्ती मुख्यतः पश्चिम आणि दक्षिण अंगाला होती: द्राग, मुस्केन आणि हेलेमो फाट्याचे काठ. शोप्सविकमध्ये कारखान्यामुळे नॉर्वेजियन वस्ती वाढली, तरी तिथेही सामी कुटुंबे होतीच. मुस्केनला आजही रस्ता नाही. होडीनेच जावे लागते. आपल्या तालुक्यातील जंगलपट्ट्यातली गावे पावसाळ्यात जशी तुटतात, तशी ती वस्ती बारा महिने असते, आणि भाषा तिथे अधिक टिकली यात त्या एकाकीपणाचाही वाटा आहे. सामी म्हटले की रेनडिअरचे कळपच डोळ्यांसमोर येतात. इथली बहुतेक कुटुंबे मात्र फ्योर्डकाठची होती. थोडी शेती, थोडी गुरे, मासेमारी आणि होड्या बांधणे हा त्यांचा चरितार्थ होता. रेनडिअर घेऊन येत ते स्वीडनच्या बाजूचे त्यांचे भाषाबंधू, उन्हाळी चराईसाठी.

इथे आपल्यासारख्यांनी थांबून पाहावे अशी एक गोष्ट आहे. नॉर्वे आणि स्वीडन यांची सरहद्द १७५१ च्या तहाने आखली गेली, तेव्हा नॉर्वे डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. ही रेषा सामी लोकांच्या चराईच्या वाटा कापत जाणार हे आखणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून तहाला ३० कलमांचे एक परिशिष्ट जोडण्यात आले. सामींनी एकाच राज्याला कर द्यावा, पण परंपरेप्रमाणे वसंतात आणि शरदात कळपांसह सरहद्द ओलांडावी. दोन्ही राज्यांत युद्ध पेटले तरी त्यांची ये-जा अडवू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पुढे या हक्कांना बरीच कात्री लागली हे खरे. तरीही रेषा आखतानाच रेषेवरच्या माणसांची तरतूद केल्याचे अठराव्या शतकातले हे उदाहरण आहे. आपल्याकडे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा तरतुदी संविधानात आल्या खऱ्या, पण भाषिक अल्पसंख्याकांचे कलम ३५० अ आणि ३५० ब हे सर्व देशासाठी एकसारखे आहे. विशिष्ट रेषेवरच्या विशिष्ट गावांसाठी त्यात काही नाही.

विसाव्या शतकाचा इतिहास मात्र नॉर्वेला अभिमान वाटावा असा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शाळांमधून सामी भाषा हद्दपार करून मुलांना नॉर्वेजियन करण्याचे धोरण राबवले गेले. शिक्षणात सामी भाषेला कायद्याने पुन्हा वाट मिळाली ती १९५९ मध्ये. मधल्या काळात दोन पिढ्यांनी घरातही भाषा दाबून ठेवली. विशेष म्हणजे याच काळात, १९४० ते १९४५ च्या जर्मन अमलात, हेलेमो खोऱ्यातील सामी वाटाड्यांनी निर्वासितांना आणि पळून आलेल्या युद्धकैद्यांना डोंगरवाटांनी तटस्थ स्वीडनमध्ये पोहोचवले. ज्यांची भाषा शाळेत नको होती, त्यांना ठाऊक असलेल्या वाटा देशाला हव्या होत्या.

पुढचा क्रम असा: लुले सामी भाषेचे लेखननियम १९८३ मध्ये ठरले, सामी संसद, म्हणजे सामी लोकांनी निवडून दिलेली प्रतिनिधी सभा, १९८९ मध्ये सुरू झाली, द्रागमध्ये आर्रान हे लुले सामी केंद्र १९९४ मध्ये उघडले, आणि २००६ मध्ये ट्यूसफ्योर्ड नगरपालिका सामी भाषेच्या प्रशासकीय क्षेत्रात दाखल झाली. त्या क्षेत्रातील लुले सामी भाषेची ती पहिली नगरपालिका. म्हणजे कचेरीत लुले सामीतून पत्र लिहिले तर लुले सामीतून उत्तर मिळण्याचा हक्क, गावाच्या पाटीवर द्रागखाली ‘आयलुओक्ता’ हे नाव, आणि मुलांना ती भाषा शिकण्याचा हक्क. हे सारे मिळून अवघी चौदा वर्षे होतात न होतात तोच नगरपालिका मोडली.

मोडण्याचा निर्णय नॉर्वेच्या संसदेने ८ जून २०१७ रोजी घेतला. नगरपालिकांची संख्या कमी करण्याच्या देशव्यापी सुधारणेचा तो भाग होता. त्या सुधारणेअखेर ४२८ च्या ३५६ झाल्या. सामी संसदेचा या वाटणीला विरोध होता. तेव्हा मास्तर, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की वाटणी भाषा पाहून झाली नाही, ती रस्ते आणि आर्थिक ताकद पाहून झाली. मात्र भाषेची बहुतांश वस्ती एकाच बाजूला गेली हा भूगोलाचा उपकार. द्राग, मुस्केन आणि हेलेमोबोत्न हे सगळे हामारोयमध्ये आले, आणि हामारोयने भाषेची जबाबदारीही स्वीकारली. ‘हाब्मेर’ हे तिचे सामी नाव अधिकृत आहे.

चंदगडच्या वाटेवर:

ताई, माहिती उत्तम आहे, पण मला वाटते की आपण नुकसान जरा मोठे करून पाहतो आहोत. शाळा, अंगणवाडी, पाट्या, केंद्र हे सारे शाबूत असेल आणि भाषिकांची मुख्य गावे एकाच नगरपालिकेत असतील, तर नगरपालिकेचे नाव काय याने काय बिघडते? उलट, रोज सिमेंटच्या गावाशी केंद्र कुठे असावे यावर भांडण्यापेक्षा हामारोयमध्ये त्यांचा आवाज अधिक ऐकला जात असेल.

मलप्रभाकाठची:

आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. परंतु हक्क कशाला बांधला आहे, हे पाहावे लागते. नॉर्वेच्या कायद्यात दोन प्रकार आहेत. सामी भाषा शिकण्याचा हक्क प्रत्येक सामी मुलाला व्यक्ती म्हणून आहे. ते मूल ओस्लोत असो की नार्विकमध्ये. पण सामी माध्यमातून सगळे शिक्षण हवे असेल, तर सामी क्षेत्राबाहेर किमान १० विद्यार्थ्यांची मागणी लागते. कचेरीत आपल्या भाषेतून उत्तर मिळण्याचा हक्कही क्षेत्राशी निगडित आहे. पूर्व काठावरच्या सामी कुटुंबाला दुसऱ्या प्रकारच्या हक्कांबाबत १ जानेवारी २०२० रोजी घर न हलवता नव्या दारी उभे राहावे लागले. आता त्यांची नगरपालिका म्हणजे नार्विक, जिथे सामी मतदार पूर्वीपेक्षा फारच थोड्या प्रमाणात आहेत. आपल्याकडेही वर्गात १० किंवा शाळेत ४० विद्यार्थी आणि स्थानिक लोकसंख्येच्या १५ टक्के असे निकष आहेत, आणि गावाची किंवा वॉर्डाची हद्द बदलली की टक्केवारी कशी घसरते, हे बेळगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणून ‘नावाने काय बिघडते’ हे मला पटत नाही, हद्दीने बिघडते.

चंदगडच्या वाटेवर:

निकषांची ही तुलना माझ्या लक्षात आली नव्हती. पूर्व काठापुरते आपले म्हणणे मान्य. पश्चिम काठाबद्दल मी माझ्या मतावर ठाम आहे.

टिळकवाडीकर:

मास्तर, वर्गासाठी एक सूचना. नव्या नकाशावर नगरपालिकेचे नाव नसले तरी फ्योर्डचे ट्यूसफ्योर्ड हे नाव कायम आहे. त्या निळ्या पट्ट्याच्या दोन्ही काठांवर मुलांना गावे लिहायला लावा: शोप्सविक, स्कारबर्गेट आणि स्टेटिंड नार्विककडे, द्राग, बोग्नेस, मुस्केन आणि हेलेमोबोत्न हामारोयकडे. शिवाय लाइकनेस इथली खडकावरची चित्रे दाखवा. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची, जवळजवळ खऱ्या आकारातली ही प्राण्यांची रूपे छिन्नीने कोरलेली नसून दगड घासून काढलेली आहेत. आणि जुन्या नगरपालिकेच्या चिन्हावर शेवंड का होता, हा प्रश्न मुलांना घरी नेऊ द्या. उत्तर असे, की युरोपीय शेवंड सापडण्याच्या जगातील सर्वांत उत्तरेकडच्या जागांत हा फ्योर्ड मोडतो.