मदत हवी आहे : मिग-21 चं जुनं किट, कॉकपिट पार रिकामं

मंडळी, माळ्यावर मिग-21 या लढाऊ विमानाच्या मॉडेलचं 1/72 स्केलचं (खऱ्याच्या 72 पट लहान) जुनं प्लॅस्टिक किट सापडलं, दादाने शाळेत असताना घेतलेलं आणि अर्धवट सोडलेलं. 2025 मध्ये मिग-21 एअरफोर्समधून रिटायर झालं तेव्हाच म्हटलं होतं एक तरी बनवायचं, त्यात नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) बनलेलं विमान म्हणजे आपलंच की!

पण कॉकपिटमध्ये नुसती एक खुर्ची आहे, तीही स्टुलासारखी, पॅनल लाईन्स (पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा) सगळ्या उठावदार आणि चाकांच्या खणात काहीच नाही. रेडिमेड रेझिनचे पार्ट बाहेरून मागवले तर किटपेक्षा महाग पडतात म्हणून घरीच करतोय. नाकावरच्या पिटो ट्यूबसाठी (वेग मोजायची पुढे आलेली नळी) इंजेक्शनची सुई कापून लावली, भारी दिसतेय. चाकांच्या खणात जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार घातली.

अडलंय ते सीटबेल्टवर. खरा पट्टा 5 सेंटीमीटर धरला तरी 72 ने भागून जेमतेम 0.7 मिलिमीटर येतो, मास्किंग टेप एवढी बारीक कापली की कडा पिंजतात आणि गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल वाकवली की तुटते. दुसरं काय वापरता?

आणि उठावदार रेषा घासून नव्याने खोदाव्यात का? पट्टीला धरून सुईने एक ओढून बघितली तर पंखावर सरळ ओरखडाच गेला, आता तिथे पुट्टी भरून बसलोय. कॉकपिटच्या आतल्या निळसर हिरव्या रंगाचं ॲक्रिलिक मिक्स कोणाला जमलं असेल तर तेही सांगा.