शब्दचर्चा: १२३४५६७८९८७६५४३२१ ला काय म्हणावे?

प्रश्न : 111111111 चा वर्ग 12345678987654321 येतो. या संख्येला मराठीत नाव आहे का? आणि ती वाचायची कशी?

– नाव आहे, आणि ते आपल्याच माणसाने दिलेले आहे: डेम्लो संख्या. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना या संख्यांची कल्पना मुंबईजवळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील (आजची मध्य रेल्वे) डेम्लो स्थानकात सुचली, म्हणून हे नाव. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. डेम्लो संख्यांचा परिवार मोठा आहे. त्यातली 1, 121, 12321, 1234321 ही मालिका सर्वांत प्रसिद्ध असून इंग्रजीत तिला ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणतात. मराठीत ‘अद्भुत डेम्लो’ म्हणायला हरकत नसावी. ‘डेम्लो’ला मात्र संस्कृत प्रतिशब्द घडवू नये. गावाचे नाव आहे ते, तसेच राहू द्यावे.

– वाचनाबद्दल. रोजच्या भाषेत ही संख्या ‘123 कोटी 45 लक्ष 67 हजार 898 कोटी, 76 लक्ष 54 हजार 321’ अशी वाचावी लागते. कोटी दोनदा येतो आणि संख्येचा डौल पार हरवतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात दर स्थानाला वेगळे नाव आहे. त्या क्रमाने डावीकडून म्हणून पाहा: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. इथे शिखर. पुढे आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. चढण आणि उतरण दोन्ही कानाला कळतात. यातला अर्बुद म्हणजे आपले दशकोटी.

– गुणाकार मांडला की शिखराचे कारण दिसते. एकाखाली एक, एकेक घर सरकवून नऊ ओळी लिहायच्या. उभ्या बेरजा 1, 2, 3 अशा वाढत मधल्या स्तंभात 9 होतात आणि पुन्हा उतरतात. हातचा कुठेच येत नाही. दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभात 10 होतात, हातचा पुढे जातो आणि उत्तर येते 1234567900987654321. चढणीवरचा 8 नाहीसा झाला!

– आणखी एक शब्द इथे जोडावासा वाटतो: हर्षद, म्हणजे आनंद देणारी. हाही कापरेकरांचाच. आपल्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणारी संख्या ती हर्षद संख्या. 12345678987654321 मधल्या अंकांची बेरीज 81 आहे आणि 81 ने तिला पुरता भाग जातो. भागाकार 152415789971041, म्हणजे 12345679 चा वर्ग. या 12345679 मध्येही 8 नाही. सगळ्याच अद्भुत डेम्लो हर्षद नसतात: 121 च्या अंकांची बेरीज 4, आणि 4 ने 121 ला भाग जात नाही. ही सतरा अंकी संख्या मात्र डेम्लोही आहे आणि हर्षदही. शब्दकोशात या दोन्ही शब्दांच्या नोंदींखाली उदाहरण म्हणून तीच द्यावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.