मदत हवी आहे : फायबर वाकवला की लेझरची रेषा उडी मारते

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी फायबर लेझरने वक्रता मोजतोय. प्रकाश वाढवणाऱ्या अर्बियम फायबरची रिंग आहे, त्याला ऊर्जा देणारा ९८० नॅनोमीटरचा पंप लेझर, प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर, प्रकाशाची कंपनदिशा (पोलरायझेशन) बदलणारा पोलरायझेशन कंट्रोलर आणि १० टक्के प्रकाश बाहेर काढणारा कपलर. सेन्सर म्हणजे साध्या सिंगल मोड फायबरमध्ये ३ सेंटीमीटर अंतरावर मुद्दाम कोर (प्रकाश वाहणारा मधला गाभा) सरकवून केलेले दोन जोड. थोडा प्रकाश कोरमधून, थोडा क्लॅडिंगमधून (गाभ्याभोवतीच्या आवरणातून) जातो आणि पुढच्या जोडाशी दोन्हींचं व्यतिकरण होतं. वाकवल्यावर लेझरची तरंगलांबी, म्हणजे स्पेक्ट्रममधली त्याची रेषा, सरकते, ती मोजायची.

फायबर स्टीलच्या पट्टीवर चिकटवलाय. आधारांत २० सेंटीमीटर अंतर, मध्ये दाबायला मायक्रोमीटर स्क्रू. ५ मिलिमीटर दाबलं की वक्रता साधारण १ प्रति मीटर. तिथपर्यंत आलेख सुतासारखा सरळ. पुढे मात्र रेषा एकदम सुमारे १५ नॅनोमीटर पलीकडे उडी मारते. कधी दोन्हीकडे अर्धी-अर्धी लुकलुकत बसते, डोकं फिरतं अगदी! परत सैल केलं तर मूळ जागी येतच नाही.

तापमानाचा संशय होता म्हणून एसी बंद ठेवून रात्री रीडिंग घेतली. तरी तेच.

ही उडी शेजारच्या फ्रिंजवर (व्यतिकरणामुळे स्पेक्ट्रममध्ये ठरावीक अंतराने येणाऱ्या चढ-उतारांपैकी पुढच्यावर) आहे, एवढं कळतंय. रिंगमध्ये ब्रॅग ग्रेटिंग (ठरावीक तरंगलांबीच परावर्तित करणारा फायबरचा तुकडा) टाकलं तर रेषा जागेवर बसेल, पण मग सरकणार कशी? वक्रता फक्त तीव्रतेवरून मोजावी का? की जोडांतलं अंतर कमी करून फ्रिंज लांब न्यावेत? आणि परत न येण्यामागे गोंद असेल की पोलरायझेशन? हे हाताने केलेल्या कुणीतरी सांगा. दोन जोड आधीच तुटलेत, तिसरा तोडायची हिंमत नाही.