स्टेंटनंतरच्या गोळ्या: दाढ काढायची आहे, थांबवायच्या का?

कापूसवाला_आर्णी:
बाबांचं वय ६२. अटॅक आल्यावर नागपुरात स्टेंट टाकला, चार महिने झाले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इकोस्प्रिन ७५ (म्हणजे ॲस्पिरिन) रोज एक आणि टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ सुरू आहे. दाढ काढायची आहे, तर दातांचे डॉक्टर म्हणतात पाच दिवस दोन्ही बंद ठेवा. टिकाग्रेलॉर गावच्या मेडिकलवर नेहमी मिळतही नाही. एक-दोन दिवस खंड पडला तर चालते का?

हृदय_वॉर्ड:
नाही भाऊ, बंद करू नका. स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर रक्तातल्या प्लेटलेट उघड्या धातूला चिकटतात, गुठळी होते आणि तीच वाहिनी एका झटक्यात बंद पडते. गोळ्या मध्येच सोडणं हे त्याचं मोठं कारण आहे. अटॅकनंतर दोन्ही गोळ्या साधारण १२ महिने घेतात, पुढे बहुतेकांना एकच राहते. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर मुदत कमी करतात, पण ते स्टेंट टाकणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक दाढ गोळ्या चालू ठेवूनही निघते. दातांच्या डॉक्टरांचं हृदयाच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं करून द्या. वेळ सकाळची घ्या, म्हणजे रक्त थांबलं नाही तर दिवसाउजेडी परत जाता येतं. टाका घालायला सांगा. नंतर कापसाचा नाही, गॉजचा (जाळीदार पट्टीचा) बोळा अर्धा तास न उघडता दाबून धरायचा. रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडमध्ये भिजवलेला गॉजही लावतात. थुंकीत थोडी लाली दिसेल, त्याला घाबरू नका.

मेडिकल_काउंटर:
दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, आणि कंबर-गुडघ्यासाठी गावात सर्रास टोचतात ते इंजेक्शनही नको. पोटातून रक्त जायची भीती वाढते. अँटिबायोटिक लिहिलं तर क्लॅरिथ्रोमायसिन आहे का बघा. त्याने टिकाग्रेलॉरचं रक्तातलं प्रमाण फार वाढतं.

खंडाचं सांगतो. एक डोस चुकला तर पुढचा ठरल्या वेळेला एकच घ्या, दोन एकदम नाही. टिकाग्रेलॉरचा परिणाम लवकर ओसरतो, म्हणून दोन दिवसांची सुट्टी महागात पडते. कंपनी बदलली तरी चालते, औषध आणि ९० मिलिग्रॅम तेच हवं. ‘हीच समजा’ म्हणून क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी दुसरी गोळी दिली तर घेऊ नका; बदल करायचा तर डॉक्टर ठरवतात, कधी सुरुवातीला मोठा डोस लागतो. दहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची पाकिटं मागवा, पावसाळ्यात त्याहून आधी.

हृदय_वॉर्ड:
राहिलंच: टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं होतं. तसं झालं तर गोळी न सोडता फोन करा. डांबरासारखी काळी शौच झाली, रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. छातीत पुन्हा दुखलं, घाम सुटला तर गॅस समजून सोडा पाजत बसू नका. १०८ लावा आणि स्टेंटचं कार्ड सोबत घ्या.

कापूसवाला_आर्णी:
डॉक्टरांचा नंबर फाइलवर आहे. आजच दोघांचं बोलणं करून देतो.