केनिया: बलात्कारानंतर आधी पोलीस की रुग्णालय?

प्रश्न: नैरोबीत पीडितेनं पहिल्यांदा कुठे जावं? पी-थ्री फॉर्म (पोलिसांचा वैद्यकीय तपासणीचा फॉर्म) नसेल तर डॉक्टर तपासत नाहीत, हे खरं का?

उत्तर १: आधी रुग्णालय. उपचारांसाठी पी-थ्री लागत नाही. तो पोलिसांचा फॉर्म, नंतरही भरता येतो. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. तातडीच्या गर्भनिरोधक गोळीला १२० तासांपर्यंत मुदत असते. रुग्णालयात जाण्याआधी आंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल साचून पुरावा नासतो. घाबरलेल्या बाईला हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं.

उत्तर २: रुग्णालयात पीआरसी फॉर्म (बलात्कारानंतरच्या तपासणी-उपचारांची नोंद) भरला जातो, त्याची आपली प्रत जपून ठेवा. पोलिसांकडून ओबी नंबर (ठाण्याच्या नोंदवहीतला तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या, त्याशिवाय पाठपुरावा अडतो. मदतीसाठी हेल्पलाइन ११९५, मोफत.

प्रश्नकर्ती: आणि नवराच असेल तर?

उत्तर २: इथेच कायदा तोकडा आहे. २००६ च्या लैंगिक गुन्हे कायद्यात विवाहित जोडप्याला सूट आहे. पण २०१५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात विवाहांतर्गत लैंगिक हिंसाही येते. न्यायालयाकडून संरक्षण आदेश मागा.