'शालिमार'ची बाटली: बुचामागचे कारागीर

फ्रेंच अत्तर कंपनी गेर्लँच्या १९२५ सालच्या 'शालिमार' या अत्तराच्या बाटलीची चर्चा होते, तेव्हा सारे श्रेय तिचे रेखाटन करणाऱ्या रेमों गेर्लँ यांना दिले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. ती बाटली प्रत्यक्ष घडवली ती फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील बाकारा या १७६४ पासून चालत आलेल्या काचकारखान्यातील कारागिरांनी, आणि त्यांचे खरे कसब मला पंख्याच्या आकाराच्या त्या निळ्या बुचापेक्षाही त्याच्या खाली, मानेच्या आतल्या भागात दिसते. त्या काळच्या उंची बाटल्यांचे काचेचे बूच ज्या त्या बाटलीच्या मानेत इतके बारकाईने घासून बसवले जाई, की अत्तर उडून जाण्यास फट राहू नये. साहजिकच एका बाटलीचे बूच दुसरीला नीट बसत नसे, म्हणून अदलाबदल टाळण्यासाठी बाकारामध्ये बुचावर व बाटलीच्या तळाशी एकच क्रमांक कोरत. जुनी बाटली विकत घेणाऱ्यांनी हे दोन क्रमांक भिंगाखाली अवश्य पडताळावेत. ते जुळले नाहीत, तर बूच बहुधा दुसऱ्याच बाटलीचे असते.

बाटली भरल्यावरही हातकाम उरतेच. बुचावर व मानेवर पातळ पापुद्रा (पूर्वी तो प्राण्यांच्या आतड्याचा असे) ताणून बसवायचा आणि त्यावरून दोरा घट्ट गुंडाळून गाठ मारायची, हे 'बोद्र्युशाज'चे काम गेर्लँकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने स्त्रिया करत आल्या आहेत. रेखाटनकाराच्या नावाशेजारी त्यांचाही उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.